फाइव्ह-जीवर मुलगा दाखवण्याचा कार्यक्रम

आमच्या गावात, अणदूरमध्ये, फाइव्ह-जी सुरू झालं त्याच महिन्यात माझं लग्न ठरायच्या आधीच मोडायला निघालं. या दोन घटनांचा थेट संबंध आहे आणि तो जोडण्याचं काम मी स्वतः केलं.

मी जिल्ह्याच्या एका दैनिकात बातमीदार आहे. फाइव्ह-जीवरचा माहितीपर लेख मीच लिहिला होता. फोर-जी म्हणजे गळीत हंगामातला रस्ता, असं मी त्यात म्हटलं होतं. पुढं उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या आणि त्यांच्यामागं आपण. आपली गाडी कितीही चांगली असो, चालायचं ट्रॉलीच्या चालीनं. फाइव्ह-जी म्हणजे गावाशेजारचा हायवे. एका वेळी जास्त गाड्या, जास्त वेग, आणि मुख्य म्हणजे इथं बोललेलं तिथं पोचायला लागणारा वेळ जवळजवळ नाहीसा. हे शेवटचं वाक्य ठळक अक्षरांत छापलं गेलं. (आमच्या घरात ते कुणीही वाचलं नाही. मी लिहिलं होतं, पण वाचलं नव्हतं, हे पुढं सिद्ध झालं.)

फोर-जीच्या काळात आमच्या घरात व्हिडिओ कॉलची एक शिस्त तयार झाली होती. पुण्याच्या ताईचा फोन आला की बाकीच्यांनी आपापल्या फोनचं नेट बंद करायचं, नाहीतर तिचा चेहरा चौकोनी तुकड्यांत यायचा. तरी मधेच चित्र थांबायचंच. मग आई विचारायची, "अडकलं का?" मी पडदा बघून जाहीर करायचो, "अडकलं." त्या वेळी आपला आवाजही पलीकडं जात नाही, हे सगळ्यांना अनुभवानं माहीत होतं. त्यामुळं माझा हा शब्द म्हणजे शाळेतली मधल्या सुट्टीची घंटा होती! आई ताईच्या सासूबद्दलची मतं उरकून घ्यायची. आप्पा, म्हणजे माझे वडील, जावयाबद्दल बोलायचे. आप्पा एसटीत कंडक्टर होते. शेवटच्या सीटला ऐकू जाईल असं बोलायची सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही. चित्र हललं की आई लगेच, "हां, बोल बाळा, सासूबाई बऱ्या हायत नव्हं?"

अशी बरीच वर्षं गेली. घरात शांतता होती.

त्यात माझ्यासाठी ढोकीकडचं स्थळ आलं. मुलगी अश्विनी, लातूरला एका लॅबमध्ये नोकरीला. वडील साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. हंगाम सुरू असल्यानं त्यांना रजा नव्हती. म्हणून आधी व्हिडिओ कॉलवर एकमेकांना बघून घ्यावं, पटलं तर पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, प्रत्यक्ष यावं, असं ठरलं. आमच्या भागात शेती असलेल्या आणि तिशी ओलांडलेल्या मुलाकडं स्थळ चालून येणं ही पहिल्या पानाची बातमी आहे. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं. मला सर्वांत जास्त.

स्थळ आणलं होतं जनाआत्यानं, आप्पांच्या थोरल्या बहिणीनं. माझ्याविषयीची माहितीही तिनंच पुरवली होती. वय एकतीस, विहिरीला बारमाही पाणी आणि मुलाला स्वयंपाकाची आवड. ही माहिती कुठल्या सूत्रांकडून मिळाली, हे तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मी खास फाइव्ह-जीचा फोन घेतला. रविवारी दुपारी तो पुस्तकांच्या चळतीला टेकवून उभा केला. आई, आप्पा आणि जनाआत्या माझ्या शेजारी बसले.

"सगळ्यांचं नेट बंद करू का?" आईनं विचारलं.

"गरज नाही. आता एका वेळी कितीही फोन चालतात."

"मग माझं कीर्तन चालू राहू दे," आप्पा म्हणाले.

"आप्पा, तुम्ही निदान आवाज तरी बंद करा."

कॉल लागला. चित्र इतकं स्वच्छ होतं की आई दचकून मागं सरली. पलीकडं अश्विनी, तिची आई आणि मधोमध वडील. त्यांनाही आम्ही तितकेच स्वच्छ दिसत होतो, कारण नमस्कार होताच अश्विनीच्या आईनं विचारलं, "मागच्या भिंतीला ओल आलीय का हो?"

"न्हाय न्हाय, ती डिझाईन हाय," जनाआत्या म्हणाली.

पहिले काही प्रश्न सुरळीत गेले. नोकरी, शिक्षण, शेत कुठं आहे वगैरे. मग मी मुलीच्या वडिलांना विचारलं, "तुमच्याकडं यंदा ऊस कसा आहे?"

उत्तर आलं नाही. ते हलले नाहीत. पापणी नाही, मिशी नाही, काही नाही. डावीकडं अश्विनी खाली बघत बसलेली, उजवीकडं तिची आई पदराचं टोक धरून. सगळं चित्र जागच्या जागी.

"अडकलं का?" आईनं विचारलं.

फाइव्ह-जीवर लेख लिहिलेल्या माणसानं पडद्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाला, "अडकलं."

घंटा झाली!

"पोरगी नाकीडोळी झ्याक हाय," आई म्हणाली. "पण बाप लई रागीट दिसतोय बघा."

"रागीट कसला!" आप्पा शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले. "बसस्टँडावरल्या पुतळ्यावानी बसलाय. चुना मारला तर ओळखू यायचा न्हाय."

"हळू बोला की!"

"अडकलंय म्हणतोय ना पोरगा. त्यानं पेपरात लिहिलंय त्याच्यावर."

जनाआत्या माझ्याकडं वळली. "हे बघ महेश, वय एकतीस सांगितलंय म्या. चौतीस तोंडातून गेलं तर बघ. आन् पाण्याचं इचारलं तर विहीर भरलीय म्हण. उन्हाळ्यात टँकर येतोय ते बोलायचं न्हाय."

"आणि स्वयंपाकाचं काय सांगितलंस?" मी विचारलं. "मला चहासुद्धा येत नाही."

"लगीन झाल्यावर कोण परीक्षा घेतंय?"

"अगं, मागच्या खेपेला ह्यानं दुधात मीठ घातलं हुतं," आई म्हणाली, आणि सगळे हसलो. मीही हसलो. कुटुंब म्हणून आम्ही फार दिवसांनी असे मोकळे झालो होतो.

तेवढ्यात फोनमधून अश्विनीचा आवाज आला. शांत, स्पष्ट, जरासुद्धा न तुटता.

"अडकलेलं नाही. बाबा असेच बसतात."

आईनं पदर तोंडाला लावला. आप्पांनी घाईघाईनं कीर्तन बंद करायला फोन उचलला आणि आवाज चालू केला, त्यामुळं टाळ-मृदंगाचा गजर झाला. तोही पलीकडं लगेच पोचला.

मग मुलीच्या वडिलांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "काट्यावर बसतो मी. ट्रॉली चढली की आकडा थिर होईस्तोवर हलायचं न्हाय, बोलायचं न्हाय. सवय लागलीय. आन् उसाचं इचारलं तुमी, म्हणून जरा इचार करत हुतो."

"तसं न्हाय पाव्हणं," आप्पा म्हणाले, "पुतळा म्हंजे आमच्यात मानाचाच असतोय."

"व्हय. चुना मारतेत न्हवं त्याला."

जनाआत्यानं सावरायला घेतलं. "पोरगा गुणाचा हाय हो. चेष्टा चालली हुती."

"एक विचारू?" अश्विनी म्हणाली. ती आता सरळ माझ्याकडं बघत होती. "वय नक्की किती तुमचं?"

इथं मी आयुष्यातला सर्वांत तांत्रिक निर्णय घेतला. एकतीस म्हणणं शक्य नव्हतं आणि चौतीस म्हटलं तर स्थळ गेलं. फोर-जी असतं तर चित्र आपोआप थांबलं असतं. ते आता थांबणार नव्हतं. म्हणून मी थांबलो. तोंड अर्धवट उघडं, एक डोळा थोडा मिटलेला, हात हवेत. फोर-जीवर माणसं जशी अडकायची, अगदी तसा.

चित्र अडकलं आहे असं त्यांना वाटेल, थोडा वेळ मिळेल, असा हिशोब होता. (माझ्या डोक्यावर पंखा फिरत होता. माझ्या शेजारी आई पदरानं घाम पुसत होती. चित्रात फक्त मी अडकलो होतो.)

"महेश?" आई म्हणाली. मी हललो नाही.

"अगं बया! पोराचं तोंड बघ कसं झालंय!" जनाआत्या ओरडली. "फिट आली! कांदा आण, कांदा!"

मला खुलासा करता येत नव्हता. खुलासा करायचा तर हलावं लागलं असतं. आप्पांनी माझा हवेतला हात खाली दाबून बघितला, मी तो परत वर नेला. त्यामुळं आत्याची खात्रीच पटली. आई आतून कांदा घेऊन धावत आली. आत्यानं तो बुक्कीनं फोडला आणि माझ्या नाकाला लावला.

मी शक्य तितकं सहन केलं. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते गालावरून खाली येताना ढोकीकडं जसंच्या तसं दिसत असणार. शेवटी मी शिंकलो.

"चौतीस," मी म्हणालो.

पलीकडं अश्विनी तोंडावर ओढणी धरून वाकली होती. तिची आई भिंतीकडं तोंड करून हसत होती. वडील मात्र तसेच बसलेले. मग त्यांची मिशी हलली.

"आता आकडा थिर झाला," ते म्हणाले.

"आणि विहीर?" अश्विनीनं विचारलं.

"मार्चपर्यंत."

"चहा?"

"नाही येत."

"मीठ कुठलं, साखर कुठली, ते तरी कळतं?"

"डब्यावर लिहिलेलं असलं तर."

आत्यानं कपाळावर हात मारला. कांद्याचाच हात होता, त्यामुळं तिच्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते बघून आईनंही रडून घेतलं. स्थळ गेलं, असं आमच्या बाजूनं सर्वांनी मान्य केलं आणि कॉल संपला.

पट्टा पडल्यावर ती मंडळी आली. भिंतीची ओल बघितली, विहिरीत वाकून बघितलं आणि सुपारी फुटली. आप्पा आणि व्याही ओट्यावर शेजारी शेजारी बसले, एक गावाला ऐकू जाईल असं बोलत आणि दुसरा न हलता.

अश्विनीच्या माहेरी आजही कौतुकानं सांगतात, "आमचं जावई खोटं बोलत न्हाईत." मी त्यावर खुलासा देत नाही. वस्तुस्थिती एवढीच आहे, की त्या दुपारी मला तेवढा वेळ मिळाला नाही.