मी करते तसंच करा

कपड्यांचं कटिंग ऑनलाइन शिकवणं म्हणजे पोस्टाने पोहायला शिकवणं, असं माझं ठाम मत होतं. पण कसब्यातल्या माझ्या क्लासचा जिना लोकांना नकोसा झाला, तेव्हा मीही मुकाट्याने फोन स्टँडवर लावला आणि पॅटर्न काढायला शिकवू लागले. नियम एकच: मी करते तसंच करा. स्वतःची अक्कल परीक्षेनंतर.

खराडीची एक विद्यार्थिनी हा नियम फारच मनावर घ्यायची. मी चष्मा पुसला तरी तिचा हात चष्म्याकडे जायचा. त्या दिवशी तिचा बुडालेला धडा भरून काढायचा होता, त्यामुळे आम्ही दोघीच होतो. "मॅडम, लेक आत्ताच झोपलीय. माइक, स्पीकर दोन्ही बंद ठेवते, तुमचं बघून करते," ती म्हणाली. मी तिला खुणेनेच आधी कापडाला इस्त्री करायला लावली. मग आम्ही कागदावर मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात तिथली, गोलाई काढायला घेतली.

मी मान वर केली, तर तिच्या पाठीमागे तिची दीड वर्षांची पोर उभी. इस्त्री टेबलावर, तापलेली, आणि खाली लोंबणारी वायर पोरीच्या मुठीत.

"मागे बघा," मी ओरडले. ऐकणार कोण? मी दोन्ही हात जोरजोरात हलवले. तिने हसून हात हलवला. पोरीने वायर ओढली, इस्त्री कडेकडे सरकली. फोन करावा, तर वर्ग त्याच फोनवर. इस्त्री करायला मीच लावली होती, एवढंच डोक्यात घुमत होतं.

मग नियम आठवला. मी पट्टी उचलली. तिनेही उचलली. मी खाली ठेवली, तिनेही ठेवली. मग खुर्ची फिरवून मी फोनकडे पाठ केली आणि भिंतीकडे बघत बसले.

आता मला काहीच दिसत नव्हतं. इस्त्री पडली असती तरी ऐकू आलं नसतं. वळून बघायची हिंमत होईना. ती अजून वळली नसेल आणि मला वळताना बघून थांबली तर? इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती.

अचानक फोनमधून आवाज आला. पोर जिवाच्या आकांताने रडत होती. मी वळले. खुर्ची रिकामी.

"मॅडम," बाजूनेच माइक सुरू करून ती लेकीला कडेवर घेऊन समोर आली, "वायर काढून घेतली म्हणून रडतेय."

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. वर बघितलं, तर तीही लेकीला पोटाशी धरून रडत होती.