सखूच्या पाठीचं इरलं

पोलादपूरहून आंबेनळीकडे जाताना डाव्या हाताला आमची बांबूकामाची शेड आहे. चारपाच जण विणायला बसले की हातांबरोबर तोंडंही चालतात. संध्याकाळी सालपटं चुलीत जातात, किस्से मात्र ज्याचे त्याच्याबरोबर घरी जातात.

पूर्वी आम्ही शेतात लागेल तेच करायचो. प्लास्टिक आलं आणि मागणी गेली. मग मुंबईहून डिझाइन शिकून आलेली केतकी म्हणाली, "आबा, हेच सगळं छोटं करूया. पर्यटक शोपीस म्हणून नेतील."

आमच्यातल्या गोदाबाईंनी तळहाताएवढं सूप केलं. पार्सल पुण्याला गेलं आणि तक्रार आली, बॉक्समध्ये तांदूळ सांडलेत. केतकीने विचारलं तर गोदाबाई म्हणाल्या, "मग? नवं सूप रिकामं द्यायचं? लोकांच्या घरात अवदसा धाडायची हाय का?"

आता आम्ही तांदळाची पुडीच टाकतो. नसली तर गिऱ्हाईक तक्रार करतं.

माझ्या वाट्याला इरलं आलं. लावणी करताना बाया पावसात पाठीवर घेतात ते, बांबूचं, पानांनी शाकारलेलं. केतकी म्हणाली, सहा इंचांचं करा.

"कोणाच्या पाठीचं गो?"

"शोपीसला कुठली पाठ, आबा?"

पण इरलं पाठ बघूनच वळवतात. मला दुसरं येत नाही.

दहा झाली. केतकीने टेबलावर ओळीत मांडली, पट्टी लावून बघितली. सगळी डावीकडे झुकलेली.

"ही सरळ करावी लागतील हं."

मी पुढचा बांबू सोलायला घेतला. हात एकदा सरळ वळायला लागला की जुनं वळण परत यायचं नाही, एवढं मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी आणखी पाच केली. तीही तशीच.

शेवटी गोदाबाईच म्हणाल्या, "पोरी, राहू दे. ही याच्या सखूची पाठ हाय. डाव्या हातात रोपांची जुडी धरून अशीच वाकायची ती. जाऊन तीन वर्षं झाली. लावणीतला एक फोटो बी नाय याच्याकडं."

केतकीने पट्टी खाली ठेवली. "अशीच पाठवू," म्हणाली.

माझा मुलगा मुंबईला असतो. परवा त्याचा फोन आला. म्हणाला, "बाबा, इथं एका दुकानात, काचेच्या कपाटात आय लावणी करतेय."

मी म्हणालो, "दुपार झाली रे. जेवायला बांधावर ये म्हणावं तिला."