माझी आई तेव्हा वारली नव्हती

मी तिसरीत असताना माझी आई तापाने वारली, असं मी आयुष्यभर सांगत आलो. शाळेत सांगितलं, नोकरीत सांगितलं, लग्न ठरवायला आलेल्या मंडळींना सांगितलं. मुलांना तर इतक्यांदा सांगितलं की त्या तापाची लक्षणंही त्यांना पाठ झाली. हे सगळं खोटं आहे. माझी आई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली, परळच्या गिरणीत लूम चालवत राहिली, विड्या ओढत राहिली, आणि तिला रोज सकाळी दाढी करावी लागत असे.

लालबागला चाळीत आमचा गाळा होता. एका गावच्या पुरुषांनी मिळून भाड्याने घेतलेली एकच खोली, तिला गाळा म्हणत. बायकामुलं कोकणात आणि हे इथे. भिंतीला ओळीने खुंट्या, प्रत्येकाच्या खुंटीखाली त्याची पत्र्याची पेटी. पहिल्या पाळीचा माणूस उठून गिरणीत गेला की त्याच जागेवर रातपाळीचा येऊन आडवा व्हायचा. चटई गार व्हायची कधी वेळच येत नसे.

या गाळ्यात मी कसा आलो, ते मला नंतर सगळ्यांनी आपापल्या परीने सांगितलं. पण मुद्दा एकच. चाळीच्या तळमजल्यावर एका म्हातारीची खानावळ होती. गाळ्यातले सगळे तिथेच जेवत. एका दुपारी एक बाई मला म्हातारीच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "पाळी सुटली की नेते." तिची पाळी काही सुटली नाही. रात्री खानावळ बंद करताना म्हातारीने जेवायला बसलेल्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझ्याकडे रात्री घुशी फिरतात. पोराला वर न्या. उद्या बघू." तो उद्याही आला नाही. गाळ्याचा नियम होता की गावच्या माणसाशिवाय कुणाला जागा द्यायची नाही. मग त्यांनी सभा घेतली आणि मला गाव देऊन टाकलं. दाराजवळ, हात पोचेल अशा उंचीवर, माझ्यासाठी एक खिळा ठोकला.

सगळ्यांना मी बाबा म्हणायचो. आई मात्र एकच होती.

तो लूमवर होता. काटकुळा, काळासावळा, बिनलग्नाचा. गाळ्याच्या नाटकमंडळीत बायकांची कामं तोच करायचा, त्यामुळे मिशी ठेवायची त्याला परवानगी नव्हती. संध्याकाळी तालमीला तो लुगडं नेसून बसायचा आणि मी रांगत जाऊन त्याच्या पदराला लोंबकळायचो. एकदा सगळ्यांसमोर मी त्याला "आये" अशी हाक मारली. गाळा हसून लोळला. तो मात्र हसला नाही. म्हणाला, "काय रे झिला?" आमच्या गावाकडे झील म्हणजे मुलगा. तेव्हापासून तो माझी आये. या लेखात मी त्याला आयेच म्हणणार आहे. का, ते पुढे कळेल.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. मोर्चे, सभा, संप. चाळीच्या भिंतींवर चुन्याने घोषणा रंगवलेल्या. खानावळीतली म्हातारी आमटी वाढतानासुद्धा "झालाच पाहिजे" म्हणायची; कशाबद्दल ते ज्याचं त्याने समजून घ्यायचं. मी तिसरीत होतो. त्या वर्षी संक्रांतीला आमच्या शाळेतल्या बाईंनी मुलांच्या आयांचं हळदीकुंकू ठेवलं. म्हणाल्या, "प्रत्येकाने आईला आणायचंच. मला सगळ्यांच्या आया बघायच्यात." मी गाळ्यात येऊन भोकाड पसरलं.

आयेने विडी विझवली. "जावचाच लागतला," म्हणाला. "पाळी बदलून घेतंय."

नाटकाच्या पेटीतलं हिरवं लुगडं निघालं, केसांचा टोप निघाला, नथ निघाली. आवाजाचं काय करायचं, हा प्रश्न म्हातारीने सोडवला. "मी सासू म्हणून येते," ती म्हणाली. "मी असताना सून तोंड उघडेल कशी?"

आणि ती आली. शाळेत बाईंनी काही विचारलं की म्हातारी म्हणायची, "तिचा घसा बसलाय, मला विचारा." आये मान खाली घालून, पदर सावरत बसला होता. हाताला हळद लावताना बाई थबकल्या. "किती राबलेत हो हात तुमचे!" आयेने हात झटकन पदराखाली घेतला. जाताना बाई मला हळूच म्हणाल्या, "तुझी आई फार सोशिक आहे रे. आजीला सांग, इतका जाच बरा नव्हे." हे ऐकून म्हातारी पुढचा आठवडाभर हसत होती. मी तिळगूळ खात, आयेचं बोट धरून, सबंध लालबागमधून मिरवत घरी आलो. तसा मिरवत मी पुढे स्वतःच्या लग्नातही चाललो नाही.

शिमग्याच्या सुमाराला परळच्या मैदानात सभा झाली आणि सभेआधी आमच्या मंडळींचा खेळ. त्यात आये मुंबई झाला होता. तेच हिरवं लुगडं, तीच नथ. एक शेठ आणि एक दिल्लीचा टोपीवाला दोन्हीकडून त्याचा पदर ओढत होते आणि आये ठसक्यात त्यांचा पाणउतारा करत होता. लोकांनी शिट्ट्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. शेवटी कुणीतरी मंचावर चढून मुंबईच्या गळ्यात हार घातला. हार टोपात अडकला, आणि टोप हारासकट त्या माणसाच्या हातात आला. लोक आणखीनच खूश. पहिल्या रांगेत माझ्या बाकावरचा मुलगा वडलांच्या खांद्यावर बसला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत तो म्हणाला, "काल मुंबई झालेला तो बाप्या अगदी तुझ्या आईसारखा दिसतो."

"असेल," मी म्हणालो.

"लुगडं पण तेच होतं."

"हिरवी लुगडी काय एकच असतात?"

"बाईंना सांगू या. त्या ओळखतील."

तेवढ्यात बाईच आल्या आणि मला म्हणाल्या, "आईला उद्या शाळेत पाठव हं. मुलींच्या फुगड्या बसवायच्यात, तिला येत असतील." बाकावरचा माझ्याकडे बघून दात काढत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, आई वारली."

"अगं बाई! कधी?"

"परवा. तापाने."

"अरे, मग तू शाळेत कसा आलास?"

मी रडायला लागलो. ते रडणं खरं होतं, त्यामुळे खपलं.

त्याच संध्याकाळी बाई भेटायला गाळ्यात आल्या. हातात साखरेची पुडी, सोबत बाकावरचा. आये मोरीपाशी पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी घालून माझा सदरा धूत बसला होता. घरी मी काही बोललो नव्हतो.

बाई म्हणाल्या, "मुलाची आई गेल्याचं कळलं. फार वाईट झालं."

आयेच्या हातातला सदरा तसाच राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं. चटईवर झोपलेला एक बाबा उठून बसला आणि परत झोपला. आये म्हणाला, "होय बाई. नशीब."

"तुम्ही मुलाचे कोण?"

"मामा. ती माझी भैण."

बाकावरच्याचं तोंड उघडं पडलं. "म्हणूनच!" तो म्हणाला. मी सुटलो होतो. पण बाई मघापासून आजूबाजूला बघत होत्या. "घरातल्या बायका दिसत नाहीत?" तेव्हा कुणीतरी खाली धावलं आणि म्हातारीला घेऊन आलं. आपली सून मेली हे तिला जिन्यात कळलं असावं, कारण उंबऱ्यातच तिने कपाळ बडवून घेतलं. "माझी गुणाची सून गेली गो! कधी उलटून बोलली नाही!" बाईंनी तिला धरून बसवलं.

"शेवटी काही बोलल्या का त्या?" बाईंनी आयेला विचारलं.

आयेने डोळे पुसले. नट होता, त्यामुळे ते खरं की खोटं हे मला आजही सांगता येणार नाही. "झिलाची शाळा सोडू नका म्हणाली," तो म्हणाला. बाई रडल्या.

जाताना बाकावरच्याने एक पाचर मारलीच. "आमचे आजोबा गेले तेव्हा बाबांनी डोकं केलं होतं. याचे केस आहेत की!"

"उद्या करतलो," आये म्हणाला.

बाई जिना उतरल्यावर गाळ्यात जे हसणं सुरू झालं ते थांबेना. एका बाबाने भाताचा मुटका करून आयेसमोर ठेवला. "शिव रे कावळ्या, शिव. मयताची इच्छा काय रवली सांग." आयेने तो मुटका उचलून खाल्ला आणि मला जवळ ओढलं.

"माका कशान मारलंस म्हणालंस?"

"तापान."

"बरा झाला. गिरणीच्या पट्ट्यात नाय घातलंस ता." मग थांबून म्हणाला, "खोटा बोलाचा तर पुरता बोलाचा. अर्धा बोललेला उघडा पडता."

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत त्याने मला मांडीवर आडवं घेतलं आणि आपल्या दाढीच्या वस्तऱ्याने माझं डोकं केलं. स्वतःच्या सुतकाचं, स्वतःच्या हातांनी. "हालू नको. मेलंय मी, तू नाय," असं म्हणत होता. केस गोळा करून पुडीत बांधले आणि म्हणाला, "आता भायर माका आये म्हणा नको. मेलेल्याक हाक मारू नये."

तो "भायर" म्हणाला होता. मी घरातही म्हणायचं सोडलं. सुरुवातीला चुकू नये म्हणून, मग सवय म्हणून, मग मोठा झालो म्हणून. मामा, मामा. ती हाक बंद झाल्याचं त्याने कधी बोलून दाखवलं नाही. फक्त कधी कधी मी "मामा" म्हणालो की तो ओ द्यायला क्षणभर वेळ लावायचा. ते खोटं पोराचं होतं, त्याचं मला काही वाटत नाही. पुढचं मात्र मी मिशा फुटल्यावर केलं.

शाळा सुटली नाही. मी शिकलो, गिरगावात कचेरीत चिकटलो, लग्न झालं, दादरला जागा घेतली. बायकोला सांगितलं होतं की मामाने आणि आजीने वाढवलं. ती पडली निगुतीची. पितृपक्षात अविधवा नवमीला, अहेवपणी गेलेल्या बाईचं श्राद्ध करतात त्या दिवशी, ती दरवर्षी सासूच्या नावाने सवाष्ण जेवायला घालायची, ओटी भरून खण द्यायची. एका वर्षी नेमका त्याच दिवशी आये गावाहून कोकम आणि नारळ घेऊन दारात उभा राहिला.

"मामा, बरे आलात," बायको म्हणाली. "तुमच्या बहिणीचंच आहे आज."

आयेने पाय धुतले आणि पानावर बसला. वडे, काळ्या वाटाण्यांची उसळ, खीर. मी समोर मान खाली घालून जेवत होतो.

"वडे झकास," तो म्हणाला. "तिका आवडत. खीर मात्र जरा गोड व्हयी होती तिका."

आणि माझ्याकडे बघून त्याने डोळा मारला. तेव्हा मी एक शब्द बोललो असतो तर काय बिघडणार होतं? बायको हसली असती, मुलं हसली असती, तो तर सगळ्यात जास्त हसला असता. मी म्हणालो, "मामा, अजून एक वडा घ्या."

त्या वर्षापासून आमच्याकडे खीर जास्त गोड होऊ लागली.

गिरण्या बंद पडल्यावर तो गावी पुतण्याकडे राहायला गेला आणि तिथेच वारला. निरोप मिळून मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. पुतण्याने डोकं केलं होतं. न्हावी अजून ओट्यावर होता, त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणालो. सोमवारी कचेरीत कुणी विचारलं असतं, तर काय सांगणार होतो? आई तर तिसरीतच गेली होती.

यंदा नवमीच्या आदल्या दिवशी बायको वाटाणे भिजत घालत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती वाटीभर वाटाणे हातात घेऊन ऐकत राहिली. सांगून झाल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे इतकी वर्षं मी खण कुणाच्या नावाने देत होते?"

"त्याच्याच."

"आणि जिवंतपणी त्यांना त्यांच्याच श्राद्धाचं जेवू घातलं मी?"

"तो खूश होता."

"तुम्हाला विचारत नाहीये मी." हातातले वाटाणे पाण्यात सोडून ती म्हणाली, "नवमी चालणार नाही मग. सर्वपित्रीला करू. खण मात्र देणार. लुगडं नेसत होते ना?"

सर्वपित्रीला तिने पान वाढून गॅलरीच्या कठड्यावर ठेवलं आणि मला पुढे ढकललं. "काव काव नका करू. म्हणायचात ते म्हणा."

दादरचे कावळे कुणाच्या हाकेसाठी थांबत नाहीत. मी तोंड उघडेपर्यंत एक येऊन वडा ओढत होता. तरी मी हाक मारली. समोरच्या इमारतीत कपडे वाळत घालणारी बाई वळून बघायला लागली, कारण सत्तरी उलटलेला टकला म्हातारा गॅलरीत उभा राहून "आये" म्हणून ओरडत होता. आवाज नीट निघाला नव्हता, म्हणून पुन्हा ओरडलो.

मग आत येऊन खीर खाल्ली. गोड होती.