टेरिलीनची नळी

कुठलंही कापड हाती आलं की बाई आधी ते दोन अंगठ्यांत धरायच्या आणि आडवं ओढायच्या. मग कानाजवळ नेऊन पुन्हा ओढायच्या, धागा तुटतो का ते ऐकायला. "पयले वढून पाहा, मंग बोला," हे त्यांचं ठरलेलं. एकदा माझ्या अंगावरच्या नव्या सदऱ्याची बाही ओढून म्हणाल्या, "भाऊ, दिवाळीपर्यंत टिकन." दिवाळीला पंधरा दिवस होते.

अमरावतीच्या एका दवाखान्यात त्या शिवणकामाला होत्या आणि मी ऑपरेशनच्या खोलीत मलमपट्टी करणारा ड्रेसर. डॉक्टरांचे झगे, चादरी, पोटाचे पट्टे, सगळं त्यांच्या पायमशीनवर शिवलं जाई. नवरा अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. तो वारल्यावर एका मुलीला घेऊन त्या इकडे आल्या. छप्पन सालच्या दीक्षेनंतर त्यांच्या घरातले देव गेले होते. दवाखान्याच्या खिडकीत त्यांच्यासाठी ठेवलेली वेगळी कपबशी मात्र गेली नव्हती. त्यांनी शिवलेले झगे घालणारेच ती कपबशी लांबून दाखवायचे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. होत्या तेव्हा कुणी विचारलं नाही, आता नुसतं वाचण्यापुरतं कशाला हवं?

साठ सालानंतर एक तरुण सर्जन आमच्याकडे आले. मुंबईला शिकलेले, भराभर बोलणारे. हृदयातून निघालेली मोठी रक्तवाहिनी पोटातून खाली जाते. काहींची ती एका जागी कमजोर होऊन फुगते. जितकी फुगते तितका तिच्या भिंतीवर ताण वाढतो, आणि ताण वाढला की ती आणखी फुगते. एक दिवस फुटते, की खेळ संपला. मोठ्या शहरांत तो तुकडा काढून तिथे कापडाची नळी शिवतात, असं डॉक्टर सांगत. त्यांनी स्वतः घरी नायलॉनची एक नळी शिवली होती. तिची कड नीट करून घ्यायला ते बाईंकडे आले.

बाईंनी नळी ओढली. शिवण उसवली.

"हे कुठं लावाचं हाय?"

माणसाच्या पोटात, डॉक्टर म्हणाले.

बाईंनी नळी त्यांच्यासमोर ठेवली. "अन् असं आनलं तुमी?"

डॉक्टरांचे कान लाल झाले. पण ते स्टूल ओढून बसले आणि काय चुकलं ते विचारू लागले. मी त्यांना मोठा माणूस म्हणतो ते त्या स्टुलासाठी.

पुढे चार महिने दुपारची सुट्टी त्यातच गेली. नळी तोटीला पट्टीनं बांधायची आणि पाणी सोडायचं. कधी शिवण फाटायची. कधी नळी वाकवली की दुमडून पाणीच बंद व्हायचं. बाईंनी ती काचेच्या कांडीवर चढवली, वरून दोरा गच्च गुंडाळला आणि वाफेच्या डब्यात घातली. दोरा सोडल्यावर नळीला गोल गोल चुण्या पडल्या होत्या. वाकवली तरी आतली वाट मोकळी. पाणी थोडं पाझरतंच, ही त्यांची तक्रार होती. रक्त विणीत गोठून ती भोकं आपोआप बुजवतं, हे डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कुठे त्यांना पटलं.

नायलॉनवर मात्र त्यांचा विश्वास बसेना. नायलॉनची आणि टेरिलीनची चिंधी त्या पंधरा दिवस रोज औजारांबरोबर उकळत राहिल्या. मग दोन्ही ओढून दाखवल्या. नायलॉन टरकन फाटलं.

डॉक्टरांनी टेरिलीनचं कापड मागितलं. मोठे साहेब, म्हणजे दवाखान्याचे प्रमुख, म्हणाले की हा दवाखाना आहे, कापडाचं दुकान नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सासुरवाडीहून आलेला कोरा टेरिलीनचा शर्ट बाईंपुढे ठेवला. त्यांनी पाठीचा भाग कापला आणि बाह्या परत केल्या.

ती नळी नांदगाव खंडेश्वरच्या एका निवृत्त मास्तरांच्या पोटात गेली. त्यांच्या बेंबीजवळ मुठीएवढी गाठ उडायची. धोतर नेसताना दिसायची. ऑपरेशन सहा तास चाललं. चिमटे सोडल्यावर नळी आधी लाल झाली, थोडी पाझरली आणि मग थांबली. खाली पायाला नाडी लागली. मी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा बाई दाराशी उभ्याच होत्या. आत यायची त्यांना परवानगी नव्हती.

मास्तर चालत घरी गेले. मग सत्कार झाला. हार मोठ्या साहेबांच्या गळ्यात, आणि बाईंना टेबलावर चादर अंथरायला बोलावलेलं. साहेब भाषणात म्हणाले की खास नळी परदेशातून मागवली. डॉक्टर उठू लागले तर साहेबांनी खांदा दाबून त्यांना बसवलं. मी टाळ्या वाजवल्या. होय, वाजवल्या. आजही ते आठवलं की हात कापून टाकावेसे वाटतात.

कार्यक्रम संपल्यावर बाई साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. श्रेय मागायला नव्हे. त्या म्हणाल्या, "बाहेरची हाय म्हनता. मंग उद्या फाटली त इचारान कोनाले?"

साहेबांकडे अधिकार होता. महिन्याभरात डॉक्टरांची बदली झाली. नळ्या शिवायच्या नाहीत असा हुकूम निघाला. बाईंच्या कपाटात दोन तयार नळ्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

त्यानंतर शेंदूरजनाघाटचा एक मजूर आला, संत्र्याच्या पेट्या भरणारा. पोट आणि पाठ दुखते म्हणून शिवणखोलीबाहेरच्या बाकावर वाकून बसला होता. बाईंनी त्याच्या पोटावर हात ठेवला आणि तडक साहेबांकडे गेल्या. मी मागोमाग गेलो. पोट ठोके देऊन राहिलं आहे, मास्तरांसारखंच आहे, आजच्या आज नागपूरला पाठवा, असं त्या सांगत होत्या. साहेब म्हणाले, "गॅस आहे. तू तुझी मशीन चालव." त्याला वॉर्डात खाट आणि बाटलीभर औषध मिळालं. चौथ्या दिवशी तो वॉर्डात ओरडला आणि गेला. दाखल्यावर हृदय बंद पडल्याचं लिहिलं. कुणाचं बंद पडत नाही?

मी काय केलं? काही नाही. मला नोकरी होती.

बाईंनी त्याच दिवशी मशीनवर झाकण घातलं, किल्ली मॅट्रनकडे दिली आणि मुलीला घेऊन अकोल्याला परत गेल्या. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "त्याचं पोट माह्या हाताखाली उडून राहिलं होतं, भाऊ. तुमी होते तिथं." त्यांनी मला बोल लावला नाही. लावायला हवा होता.

सहा वर्षांनी मास्तर तपासणीला आले. टवटवीत होते. परदेशी नळीचं कौतुक करू लागले, आणि माझ्यानं राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. त्यांनी काठी उचलली. मग म्हणाले, "सहा वर्षं मी जगाला खोटं सांगत फिरलो. चला अकोल्याला."

पत्ता शोधत आम्ही गेलो. दार मुलीनं उघडलं. ती आता शाळेत शिकवत होती. आई मागच्या उन्हाळ्यात काविळीनं गेली, म्हणाली. आजारात एकदा विचारत होती, नांदगावचे मास्तर अजून हायेत का म्हणून. आम्हाला कुठं माहीत होतं, असंही ती म्हणाली.

माझ्या एका पोस्टकार्डानं काम झालं असतं. ते कार्ड मी टाकलं नव्हतं.

मुलीनं चहा आणला. मास्तर बशी न सांडता शेवटपर्यंत प्यायले. निघायला उठले तेव्हा ती खालच्या आवाजात म्हणाली, "गुरुजी, मी हात लावून पाहू?"

मास्तरांनी सदरा वर केला. लांब शिवणीसारखा व्रण होता. तिनं बेंबीजवळ तळवा टेकवला, डोळे मिटले आणि मान थोडी वाकडी केली.

"नाडी लागते का?" मास्तरांनी विचारलं.

"लागून राहिली," ती म्हणाली. हात तिनं तसाच ठेवला, आणि मास्तरही सदरा धरून उभे राहिले.