ठकूमावशीच्या शेतातला वाडा

थांबा, हातातलं काम ठेवा. कालच बेडश्याहून परत आलोय आणि हे आत्ताच्या आत्ता कुणाला सांगितलं नाही तर मला जेवण जाणार नाही.

मी जमिनीची विजेनं तपासणी करतो. म्हणजे काय? एका ओळीत लोखंडी खुंट्या ठोकायच्या, एका वेळी चार घ्यायच्या. बाहेरच्या दोघींतून बॅटरीचा करंट जमिनीत सोडायचा, आतल्या दोघींना मीटर जोडायचा. ओल्या मातीतून करंट आरामात जातो, दगडातून जात नाही. आकडा चढला की समजायचं, खाली दगड. लढाई संपल्यावर हे यंत्र आमच्या खात्यात आलं ते धरणांच्या जागा बघायला. पण आमच्या साहेबांना एका जुन्या कागदात सहाशे वर्षांपूर्वी उठून गेलेलं गाव सापडलं. झालं, निघालो.

भर उन्हाळा. जमीन खडखडीत. खुंटीला माती नीट भिडली नाही तर यंत्र फसतं. म्हणून आम्ही रोज संध्याकाळी पुढच्या ओळीच्या सगळ्या खुंट्या ठोकून बुडाशी मिठाचं पाणी ओतायचो आणि सकाळी आकडे घ्यायचो.

दोन ओळी सपाट गेल्या. तिसरी गावातल्या ठकूमावशी नावाच्या बाईच्या भातखाचरात, बांधाच्या कडेनं. तिथे काटा जो चढला तो या टोकापासून त्या टोकापर्यंत, अगदी सरळ रेषेत! खुंट्या तांबड्या दिसत होत्या, पण मला वाटलं साहेबांनी ओळखीसाठी रंग दिलाय. साहेबांना वाटलं मी दिलाय. "नीटनेटकं काम आहे, जोशी," असं म्हणालेसुद्धा.

ती भिंत ठरली. दहा वाजेपर्यंत साहेबांनी भिंतीचा वाडा केला, जेवणापर्यंत त्याला दिंडीदरवाजा बसवला, आणि दुपारी टांग्यानं कामशेत स्टेशन गाठून वरच्या ऑफिसला तार ठोकली. परवापासून चर खणायचा.

चर मावशीच्या राबातून जाणार होता. राब म्हणजे शेण-पालापाचोळा पसरून भाजलेला तुकडा. पाऊस आला की भाताचं रोप त्यातच टाकतात. राब मोडला की रोप नाही, आणि रोप नाही तर त्या वर्षी भात नाही. मावशीला दुसरी जमीन नव्हती.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. रडली-बिडली नाही. तिला एवढंच विचारायचं होतं, की देव कोपला का.

"कुठला देव, मावशी?"

"तुमीच बशिवलेला की. रोज सांजच्याला पानी घालता. त्यात आनि मीठ. देवाला कुनी खारं पानी घालतं का? म्हनलं जाऊ दे, शेरातली मान्सं, न्हाई कळत. मंग म्याच त्याल-शेंदूर लावला."

"सगळ्या खुंट्यांना?"

"माज्या शेतातल्या. शेंदूर तेवडाच व्हता."

मी धावत गेलो आणि एक खुंटी उपटली. तेल पार टोकापर्यंत ओघळलेलं. तेलातून करंट कसला जातोय! सगळ्या खुंट्या राखेनं घासल्या, जागा थोडी सरकवून पुन्हा ठोकल्या. सकाळी आकडे घेतले. सपाट.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी आकड्यांची वही मिटली. मग म्हणाले, "तार गेलीये, जोशी."

"पण साहेब, खणलं तर काहीच निघणार नाही. आणि बघायला वरचे साहेब येणार."

हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. तंबूभोवती दोन चकरा मारल्या, चहा मागवला आणि मला लिहून घ्यायला सांगितलं: सदर अवशेष अतिशय नाजूक असल्याने तूर्त तेथे खोदकाम करू नये.

राब वाचला. वाडाही वाचला.

मावशीला सांगायला गेलो. खणणार नाहीत म्हटल्यावर तिनं हात जोडले. मला नाही, बांधाकडे. "बगा," म्हणाली, "पावला न्हवं?" मी व्हय म्हणालो.

मी शिकलो ते एवढंच: दुसऱ्याच्या शेतात खुंटी ठोकायच्या आधी ती कशाची ते सांगावं. दोन मिनिटांचं काम. आम्ही आठ दिवस तिथे होतो, एकालाही सुचलं नाही.

आता तो वाडा मला काळ्या शाईनं नकाशावर काढायचाय आणि खाली 'तपासले' म्हणून सही करायचीय. तुमच्यावर आलीये का कधी अशी वेळ? आणि केलीत का सही?