झोपलेल्यांची मित्सुए

बेटांवर जाणाऱ्या बोटीच्या तिकीटखिडकीत मित्सुए तीस वर्षं बसत होती. फोटो स्टुडिओवाल्या इवाकीसानांचा फोन आला तेव्हा तिला वाटलं, म्हातारबुवांना बोटीची वेळ हवी असेल.

"दुकान बंद करतोय," ते म्हणाले. "तुझा एक रोल पडलाय माझ्याकडे. पाचवीतला."

मित्सुए त्रेपन्न वर्षांची होती.

दुकानात तिने पाकीट उघडलं आणि आतले फोटो एकेक करून काउंटरवर मांडले. भावाच्या शाळेच्या क्रीडादिनासाठी वडिलांनी कॅमेऱ्यात घातलेला रोल तिने तेव्हा क्रीडादिनाच्या आदल्याच दिवशी संपवला होता, तोही गावातल्या डुलक्या घेणाऱ्यांवर. देवळातले भटजी सूत्रं म्हणता म्हणता पेंगलेले, मासळीवाला आणि त्याचं मांजर एकाच कुशीवर आडवे. वडिलांनी कॅमेरा काढून घेतला, तो कायमचाच. त्यांच्या धाकाने ती धुवायला टाकलेले फोटो आणायलाही फिरकली नव्हती.

"धुताना एवढा हसलो होतो, की बायको काय झालं बघायला धावत आली," इवाकीसान म्हणाले. "टाकवेना मला."

फळीवरचा एक जुना कॅमेरा आणि उरलेले रोल त्यांनी तिच्या पिशवीत कोंबले. "धुवून कोण देणार आता?" तिने विचारलं.

"मी आहे की. दुकान बंद होतंय, मी नाही."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मित्सुए धक्क्यावर गेली. संत्र्यांच्या पेटीवर डोकं टेकून एक बाई गाढ झोपली होती. मित्सुएने कॅमेरा दोनदा उचलून दोनदा खाली ठेवला. तिने श्वास रोखला, बटण दाबलं आणि बाई जागी होईपर्यंत शेजारी बसून राहिली.

"मी तुमचा झोपेत फोटो काढला. ठेवू का?"

"लाळ गळत होती का?"

"थोडीशी."

"मग ठेवा. निदान खोटा तरी नाही," बाई हसत म्हणाली.

त्या दिवशी मित्सुएने तीन जणांना चुकीच्या बेटाची तिकिटं दिली.

महिन्याभरात गावभर बोभाटा झाला आणि पंचाईत झाली. लोक भांग पाडून झोपायला लागले. आळीचे प्रमुख सुगिमोरीसान तर कोट घालून, पोट आत ओढून बाकावर 'झोपायचे'.

"सुगिमोरीसान, पापण्या हलताहेत तुमच्या."

"मी गाढ झोपेत आहे," ते डोळे मिटूनच म्हणायचे.

नवरा, तेत्सुओ, म्हणाला, "एक काढून टाक ना त्यांचा. बिचारे रोज येतात."

"अहो, जागा माणूस झोपलेला कसा काढू?"

वसंतात बोटीच्या प्रतीक्षागृहात तिने बारा फोटो लावले. लोक पोट धरून हसत होते, आपापलं तोंड शोधत होते. इवाकीसान नवा शर्ट घालून दारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "धुतलेत मी हं!"

सुगिमोरीसान मात्र फुरंगटून आले. बाराही फोटो बघून झाल्यावर मित्सुएसमोर बसले.

"वीस वर्षं आळीची कामं करतोय मी. कधी काडी न हलवणाऱ्या या फुकुदाचा फोटो लागतो, माझा नाही? कारण सांग. ऐकल्याशिवाय उठणार नाही."

"गिऱ्हाईक आहे, तेवढी तिकिटं देते आणि आलेच."

रांग लांबलचक होती. ती परतली तेव्हा सुगिमोरीसानांचं डोकं मागे कलंडलं होतं, एक चप्पल गळून पडली होती आणि उघड्या तोंडातून किटलीसारखा आवाज येत होता. मित्सुएने हळूच कॅमेरा उचलला. या वेळी तो खाली ठेवला नाही, थेट बटण दाबलं.

बोटीचा भोंगा वाजला आणि ते दचकून उठले. तिच्या हातातल्या कॅमेऱ्याकडे त्यांनी पाहिलं.

"काढलास?"

"काढला. ठेवू?"

"तोंड उघडं होतं?"

"चांगलंच."

त्यांनी चप्पल पायात सरकवली आणि बाराही फोटोंवरून नजर फिरवली.

"तो फुकुदाचा जरा बाजूला सरकव," ते म्हणाले. "माझा मोठा करावा लागेल."