रहीमभाईंच्या रजिस्टरातली कोरी ओळ

जुनी नाणी ओळखायला बसलं की नाण्यांपेक्षा किस्सेच जास्त जमा होतात! नाणं माणूस परत घेऊन जातो, किस्सा आमच्याकडेच राहतो.

गेवराईत रहीमभाईंचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दर शनिवारी तिथं आम्ही तिघं बसतो. रहीमभाईंकडे डोळ्याला लावायचं भिंग आहे आणि त्यांना उर्दू-फारसी येतं. चकलांब्याचे बापूराव शेतकरी, पण धातू नुसता हातात घेऊन ओळखतात. आणि मी, इतिहासाचा रिटायर्ड मास्तर. नाणं, बिल्ला, गळ्यातलं पदक, काहीही आणा, आम्ही फुकट ओळखून देतो. रजिस्टरात नोंद होते आणि ज्यानं ओळखलं त्याची शेवटच्या रकान्यात सही. शहरातले प्रोफेसरसुद्धा आम्हाला फोटो पाठवतात, हे मी मुद्दाम सांगतोय!

सगळ्या रजिस्टरात एकच ओळ कोरी होती. पण ते शेवटी.

* * *

धारूरचा एकजण नाणं घेऊन आला. आरशासारखं लखलखीत! म्हणाला, "चाचा, रातभर चिचंत भिजू घातलं, सकाळी राखंनं घासलं. लई मळ व्हता."

रहीमभाईंनी भिंग लावलं, दोन्ही बाजू पाहिल्या, दोन्ही गुळगुळीत, आणि नाणं त्याच्या हातावर ठेवलं.

"त्यो मळ न्हवता बाबा. त्यो बादशा व्हता!"

* * *

एकदा सफारी सूट घातलेले एक पाहुणे आले. त्यांचं नाणं म्हणे चमत्कारी, लोहचुंबकासारखे तांदूळ ओढणारं! बापूरावांनी शेजारच्या किराणा दुकानातून मूठभर तांदूळ आणले. फळीवर नाणं, बाजूला तांदूळ, आणि आम्ही श्वास रोखून.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. "टाइम लागतो," पाहुणे म्हणाले. तेवढ्यात चहा आला, आमचं लक्ष तिकडं गेलं. वळून बघतो तर फळीवर एक दाणा नाही!

"बघा!" पाहुणे ओरडले.

बापूराव फळीखाली वाकून म्हणाले, "वढले की! पर नाण्यानं न्हाई, शेजारच्या अंडेवाल्याच्या कोंबडीनं."

* * *

आता माझाही एक सांगतो, नाहीतर बापूराव सांगतीलच. नदीकाठच्या शेतातून कुणीतरी शिशाची गोल चकती आणली. शिसं, गोदावरीचा काठ... माझ्या अंगावर काटाच आला. सातवाहन! मी पैठणपासून सुरुवात करून पंधरा मिनिटं लेक्चर दिलं.

बापूरावांनी चकती बोटांत फिरवली. तिच्या भोकात तारेचा तुकडा अडकला होता.

"मास्तर, एक इचारू? सातवाहनाच्या टायमाला लाइटचं मीटर व्हतं का?"

मीटरचं सील होतं ते! रजिस्टरात तशीच नोंद आहे, बापूरावांच्या सहीनिशी. शनिवारी कुणी नवीन आलं की बापूराव आधी तेच पान उघडतात.

* * *

एका पुढाऱ्याचा मुलगा गळ्यात पितळी बिल्ला घालून आला. "आमच्या पंजोबाला निजामानं दिलता. सरदारकीचा हाय. वाचून दाखवा जरा, ह्या पोरांसमोर." सोबत दहा-बारा कार्यकर्ते.

रहीमभाईंनी उर्दू अक्षरं मनातल्या मनात वाचली आणि बिल्ला परत पुढं केला. पोरगा म्हणाला, "वाचा की मोठ्यानं!"

"टांगा," रहीमभाईंनी वाचलं. "सवारी चार."

कार्यकर्त्यांनी एकदम रस्त्याकडे तोंडं फिरवली. पोरगा लालबुंद झाला. आम्हाला वाटलं, आता हा दुकानात परत पाऊल ठेवत नाही. पुढच्या शनिवारी तो पेढे घेऊन हजर! बिल्ला अजूनही गळ्यात, शर्टाच्या बाहेर.

"आज्जीनं सांगितलं चाचा. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं असलं की आमचा पंजोबा भाडं घेत नव्हता."

त्या पेढ्यांचा मला आजही अभिमान वाटतो.

* * *

आता ती कोरी ओळ. भंगारातून आलेला एक पितळी बिल्ला होता. एका बाजूला सत्तेचाळीस आकडा, दुसऱ्या बाजूला खिळ्यानं ओढल्यासारख्या तीन रेघा. मी म्हणालो ब्राह्मी अक्षर, रहीमभाई म्हणाले फारसी. बापूराव म्हणाले, "पितळ हाय, एवढंच खरं." प्रोफेसरांनीही हात टेकले.

रहीमभाईंनी तो काउंटरच्या काचेखाली ठेवला, रेघांची बाजू वर. यंदा त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून एकच ध्यास, "नजर हाय तवर ती वळ भरली पायजे."

गेल्या शनिवारी कौसाबाई नावाच्या म्हाताऱ्या आजी भिंतीवरचं घड्याळ घेऊन आल्या. पैसे द्यायला वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"माजी चिमणी हितं कशी आली?"

आम्ही तिघंही उठून उभे राहिलो.

"जिनिंगात कापूस निवडायला व्हते मी, लगीन व्हायच्या आदी," आजी सांगू लागल्या. "सकाळी बिल्ला द्यायचे, त्याच्यावर हजेरी. आमाला आकडा कुठं वाचता येतुया? मुकादम दुसरीचाच बिल्ला हातात द्यायचा, आन् माजा दिवस तिच्या नावावर! मग मी खिळ्यानं चिमणी काढली."

मी मास्तर पडलो. विचारलंच, "आजी, पण ही तुमचीच कशावरून?"

रहीमभाईंनी माझ्याकडे रागानं पाहिलं. रजिस्टर उघडलं, ती ओळ काढली आणि अंगठ्यासाठी शाईचं पॅड पुढं केलं. आजींनी पॅड बाजूला सारलं आणि माझ्या खिशातला पेन घेतला.

शेवटच्या रकान्यात तीन रेघा उमटल्या. हुबेहूब त्याच! रहीमभाईंनी डोळ्याचं भिंग काढून ठेवलं.

आजी थांबल्या, मग त्यांनी चौथी रेघ ओढली.

"शेपटी तेवढी राह्यली व्हती," त्या म्हणाल्या. "तवा मुकादम आलता."